ट्रेलर बघा, पण वही-पेन्सिल घेऊन!

दोस्तांनो, एक कोडं घालू का? दोन-तीन मिनिटांत संपतं, फुकट बघायला मिळतं, पण एकदा बघितलं की महिनोन् महिने डोक्यात भुणभुण करत राहतं. ओळखा पाहू!

बरोब्बर! नव्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर!

सिनेमाचे ट्रेलर आपल्याला नवे नाहीत. पडद्यावर 'लवकरच येत आहे' अशी पाटी झळकते आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. गेमचंही तसंच असतं. गेम विकायला येण्याआधी वर्ष-दीड वर्ष कंपनी एकामागून एक ट्रेलर दाखवते. मधूनमधून बातम्याही देते. ही नवी पात्रं, हा नवा नकाशा, ही तारीख! मग जगभरातली मुलं (आणि मोठी माणसंसुद्धा, बरं का!) ते ट्रेलर थांबवून थांबवून बघतात. कोपऱ्यात दिसलेल्या झेंड्यावरून, अर्ध्या सेकंदाच्या चेहऱ्यावरून तर्क लढवतात.

आता आई म्हणेल, "गेम खेळणं काय कमी होतं, की त्याच्या जाहिरातीही बघत बसायच्या?" आईचं अगदीच चूक नाही. ट्रेलर म्हणजे शेवटी जाहिरातच! पण हाच छंद नीट केला तर त्यात निरीक्षण आहे, तर्कशास्त्र आहे आणि खिशातले पैसे सांभाळायची युक्तीही आहे. नीट केला नाही, तर आपण आपल्याच पायांनी जाळ्यात शिरतो. हे कसं, ते आज एका खऱ्याखुऱ्या गेमच्या उदाहरणावरून पाहू.

घाई करणारा हरतो!

व्हिडिओ गेम म्हटलं की पटापट बटणं दाबायची, गाड्या पळवायच्या, धडाधड गोळ्या झाडायच्या, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण गेमचा एक प्रकार असा आहे, की त्यात घाई करणारा हमखास हरतो. त्याला म्हणतात टॅक्टिकल गेम, म्हणजे डावपेचांचा खेळ. त्यात राजे-राजकन्या, जादूगार आणि आग ओकणारे ड्रॅगन आले, की झाला टॅक्टिकल फँटसी गेम.

हा खेळ समजून घ्यायला बुद्धिबळ आठवा. पटावर चौकोनी घरं असतात. आधी तुमची खेळी, मग समोरच्याची. घोडा वेगळा चालतो, उंट वेगळा. इथेही तसंच. घोडेस्वार लांबवर जातो, चिलखतवाला हळूहळू चालतो, तिरंदाज दुरून बाण मारतो. फरक एवढाच, की बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसतं. इथे मात्र प्रत्येक मोहऱ्याला नाव आहे, घर आहे, मित्र आहेत, आवडीनिवडी आहेत.

जपानमधल्या इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने असा एक गेम तयार केला आणि निंटेंडोने तो २० एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये विक्रीला आणला. त्याचं नाव 'फायर एम्ब्लेम'. शोझो कागा हे त्याचे कर्तेधर्ते. या मालिकेचा एक नियम पहिल्यापासून प्रसिद्ध आहे. लढाईत तुमचा साथीदार पडला, तर तो गेला. पुढच्या लढाईत परत येत नाही! अलीकडच्या भागांमध्ये सौम्य पर्यायही असतो. तो निवडला तर पडलेला साथीदार पुढच्या लढाईला पुन्हा हजर होतो. पण जुना कडक नियम निवडणारे खेळाडू आजही आहेत. एक चुकीची खेळी, आणि आवडता मित्र कायमचा गमावला! मग माणूस प्रत्येक खेळी दहादा विचार करून खेळणार नाही तर काय?

असा खेळ खेळणाऱ्यांना बारकाईने बघायची सवय लागते. म्हणूनच या गेमचे ट्रेलरही ते तितक्याच बारकाईने बघतात.

ट्रेलरची पायरी-पायरी

आपलं उदाहरण आहे याच मालिकेतला 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' हा गेम. तो निंटेंडोच्या स्विच या यंत्रासाठी होता. तो कसा कसा उलगडत गेला, ते पाहा.

जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने एवढंच सांगितलं, की स्विचवर नवा 'फायर एम्ब्लेम' येणार आणि तो २०१८ मध्ये येणार. नाव नाही, कथा नाही.

१२ जून २०१८ रोजी पहिला ट्रेलर आला. निमित्त होतं ई-थ्री या अमेरिकेतल्या मोठ्या गेम प्रदर्शनाचं. (हे प्रदर्शन कायमचं बंद होत असल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं.) आता गेमला नाव मिळालं, चेहरे मिळाले. तारीख मात्र सरकली. २०१८ ऐवजी २०१९ चा वसंत!

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी कथा कळली. तुम्ही आहात एक शिक्षक. गॅरेग मॉक नावाच्या मठात एक युद्धशाळा आहे. तिथे तीन हाऊस आहेत. तुमच्या शाळेत लाल, निळं, हिरवं, पिवळं हाऊस असतं ना, अगदी तसंच! ब्लॅक ईगल्स म्हणजे काळे गरुड, ब्लू लायन्स म्हणजे निळे सिंह आणि गोल्डन डिअर म्हणजे सोनेरी हरणं. प्रत्येक हाऊस एकेका देशातल्या मुलांचं. गरुडांची पुढारी एडेलगार्ड, सिंहांचा डिमिट्री, हरणांचा क्लॉड. तुम्ही यांतलं एक हाऊस शिकवायला घ्यायचं. तारीख पुन्हा सरकली. या वेळी मात्र दिवस पक्का सांगितला. २६ जुलै २०१९.

११ जून २०१९ रोजी, म्हणजे गेम यायला दीड महिना उरला असताना, आणखी एक ट्रेलर आला. त्यात काय होतं? थांबा, ते जरा पुढे सांगू. आधी वही काढा.

वहीतले तीन रकाने

वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारा. तीन रकाने तयार होतील. पहिल्याला नाव द्या 'दिसलं', दुसऱ्याला 'वाटतं' आणि तिसऱ्याला 'हवंय'.

'दिसलं' या रकान्यात फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. पहिल्या ट्रेलरपुरतं बोलायचं तर, 'लढाईत नायकाबरोबर सैनिकांची तुकडी आहे', 'लढाई नसताना नायक इमारतीत पायी हिंडतो', 'तीन तरुण पुढारी आहेत'. एवढंच. शेजारी बसलेल्या मित्रानेही तेच पाहिलं असेल आणि त्यावर वाद होणार नसेल, तरच ती गोष्ट या रकान्यात.

'वाटतं' या रकान्यात तर्क लिहायचा, पण एका अटीवर. त्याच्यापुढे 'कशावरून?' याचं उत्तर लिहिता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, 'त्या सैनिकांना काहीतरी वेगळं काम असणार. कशावरून? या आधीच्या भागांमध्ये पटावर एकेक नायक एकटा उभा असायचा. आता एवढे सैनिक काढायची मेहनत केली, ती नुसती शोभेसाठी कशाला करतील?' हा तर्क खरा ठरला! गेममध्ये प्रत्येक नायकाला तुकडी जोडता येते आणि त्या तुकडीच्या जोरावर एकाच वेळी अनेक शत्रूंवर चाल करून जाता येतं.

आणि 'हवंय'? हा मनातल्या मांड्यांचा रकाना! 'पहिल्या भागातला माझा लाडका राजपुत्र मार्थ याही गेममध्ये असणार!' कशावरून? 'मला आवडतो म्हणून!' मग ते वाक्य तिसऱ्या रकान्यात. तिथे ते खुशाल राहू दे. इच्छा असणं काही वाईट नाही. वाईट काय, तर तिसऱ्या रकान्यातलं वाक्य गुपचूप पहिल्या रकान्यात जाऊन बसणं. दोन महिन्यांनी आपल्याला वाटतं, की हे आपण ट्रेलरमध्ये पाहिलं होतं. गेममध्ये ते सापडत नाही, आणि आपण चिडून म्हणतो, "फसवलं!" खरं म्हणजे कंपनीने तसं कधी म्हटलंच नव्हतं.

आणखी एक खाच आहे. ट्रेलरमध्ये जे दिसलं नाही, त्याचं काय करायचं? या मालिकेत १९९६ पासून शस्त्रांचा एक त्रिकोण आहे. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला भारी, भाला तलवारीला भारी. आपल्या दगड-कागद-कात्रीसारखंच. समजा, नव्या ट्रेलरमध्ये या त्रिकोणाची खूण कुठेच दिसली नाही. मग 'त्रिकोण काढून टाकला' असं लिहायचं का? नाही! लिहायचं, 'त्रिकोण अजून दिसला नाही', आणि पुढच्या ट्रेलरची वाट बघायची. 'नाही' आणि 'अजून दिसलं नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'थ्री हाउसेस'मध्ये हा त्रिकोण नेहमीच्या रूपात नव्हताच. पण २० जानेवारी २०२३ रोजी आलेल्या 'फायर एम्ब्लेम एंगेज' या गेममध्ये तो पुन्हा हजर झाला!

उत्तर नावातच होतं!

आता एक गंमत. या गेमचं इंग्रजी नाव 'थ्री हाउसेस', म्हणजे तीन हाऊस. तीन हाऊस, तीन पुढारी, तीन देश. मग कथेच्या वाटाही तीनच असणार, असं कुणालाही वाटेल.

पण जपानी नाव वेगळं आहे. ते आहे 'फूकासेत्सुगेत्सु'. हा चार अक्षरांचा शब्द आहे, आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अर्थ आहे. वारा, फूल, बर्फ आणि चंद्र. निसर्गाच्या सौंदर्याबद्दल बोलताना जपानी लोक हा शब्द वापरतात.

हाऊस तीन आणि नावात अक्षरं चार! मग हे चौथं कोण?

गेम आल्यावर उत्तर मिळालं. कथेच्या वाटा खरोखरच चार निघाल्या. एका वाटेच्या नावात लाल फूल, दुसरीच्या नावात निळा चंद्र, तिसरीच्या नावात हिरवा वारा आणि चौथीच्या नावात रुपेरी बर्फ! ती चौथी वाट तीन पुढाऱ्यांपैकी कुणाचीच नव्हती, मठाच्या बाजूची होती. गेमच्या नावातच चावी ठेवली होती, आणि तीही पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! फक्त 'हाऊस तीन, मग अक्षरं चार का?' असा प्रश्न पडायला हवा होता.

म्हणून ट्रेलर बघताना स्फोट आणि तलवारी याच बघू नका. नाव बघा, झेंड्यांचे रंग बघा, नकाशावरच्या सीमा बघा. निवांत कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तू पुष्कळदा जास्त बोलतात.

पाच वर्षांनंतर...

आता त्या ११ जून २०१९ च्या ट्रेलरकडे वळू.

तोवर सगळ्यांची चर्चा एकाच प्रश्नाभोवती चालली होती. कोणतं हाऊस निवडायचं? कुणाला एडेलगार्डचा करारीपणा आवडला, कुणाला डिमिट्रीची सभ्यता, कुणाला क्लॉडचा मिश्कीलपणा. शाळा, वर्ग, एकत्र जेवण, सराव, सगळं कसं मजेत! आणि मग या ट्रेलरने सांगितलं, की पाच वर्षं उलटली आहेत आणि युद्ध पेटलं आहे.

तेच चेहरे, पण मोठे झालेले. डिमिट्रीच्या एका डोळ्यावर पट्टी. क्लॉडला दाढी फुटलेली. एडेलगार्ड सम्राज्ञीच्या वेशात. आणि एकाच मठात शिकलेली ही मुलं आता एकमेकांसमोर शस्त्रं घेऊन उभी!

एका क्षणात प्रश्न बदलला. 'कोणतं हाऊस भारी?' हा प्रश्न मागे पडला. त्याच्या जागी आला, 'जे हाऊस मी निवडणार नाही, त्यातल्या मुलांचं काय होणार?' गेममध्ये हीच खरी गोम आहे. पहिल्या भागात तुम्ही वर्षभर मठात राहता. दुसऱ्या हाऊसच्या मुलांशीही बोलता, त्यांना जेवायला, चहाला बोलावता. त्यांतल्या काहींना आपल्या वर्गात ओढूनही आणता येतं. जी येत नाहीत, ती पुढे युद्धात शत्रूच्या बाजूला दिसतात. काल ज्याच्याशी गप्पा मारल्या, त्याच्यावरच आज चाल करायची!

डावपेचांचा खेळ इथे नुसता डावपेचांचा उरत नाही. 'शत्रू' हा शब्द किती सहज उच्चारतो आपण! पण शत्रूच्या चिलखतामागचा चेहरा ओळखीचा निघाला, तर हात थांबतोच. खेळाडूंना हे आधी थोडंसं कळलं, म्हणून गेमची गोडी कमी झाली नाही. उलट पहिल्या दिवशी हाऊस निवडताना त्यांचा हात जरा जडच झाला असेल.

लपवणं वेगळं, फसवणं वेगळं

तुम्ही म्हणाल, "मग पहिल्या दोन ट्रेलरमध्ये हे युद्ध का नाही सांगितलं? ही फसवणूक नाही का?"

नाही. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुन्याचं नाव छापत नाहीत. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. गोष्टीची मजा राखण्यासाठी काही झाकून ठेवणं हा गोष्ट सांगणाऱ्याचा हक्कच आहे. पण जे गेममध्ये नाहीच, ते आहे म्हणून दाखवणं ही गोष्ट वेगळी. तशीही उदाहरणं घडली आहेत.

'वॉच डॉग्स' हा गेम २०१२ च्या ई-थ्रीमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. पावसाने ओले झालेले रस्ते, वाऱ्याने उडणारे कपडे, सगळं पाहून लोक थक्क झाले. २७ मे २०१४ रोजी गेम आला, तेव्हा अनेकांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि तक्रार केली, की दाखवलं होतं ते यापेक्षा देखणं होतं.

'एलियन्स: कलोनियल मरीन्स' हा गेम फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्याच्या ट्रेलरमधली दृश्यं आणि हातात आलेला गेम यांत एवढा फरक होता, की ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार गेली. प्रकाशक सेगाने त्या वर्षी मान्य केलं, की ट्रेलरमधली दृश्यं अंतिम गेमची नव्हती आणि तशी सूचना द्यायला हवी होती.

आपल्या देशातही फसव्या जाहिरातींबद्दल तक्रार करता येते, हे किती जणांना माहीत असतं? जाहिरात व्यवसायाने स्वतःच नेमलेलं 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडिया' हे मंडळ १९८५ पासून मुंबईतून हेच काम करतं.

मग खरा गेम कोणता आणि सजवलेलं चित्र कोणतं, हे ओळखायचं कसं? एक सोपी खूण आहे. पडद्यावर खेळाडूच्या कामाच्या गोष्टी दिसतात का, ते बघा. पटावरची घरं, कर्सर, पात्राची शक्ती दाखवणारी पट्टी, आकडे, आज्ञांची यादी. या दिसल्या तर बहुधा तो गेमचाच भाग असतो. नुसता पाऊस, वीज, वाऱ्यावर उडणारा झगा आणि गंभीर आवाजातली वाक्यं असतील, तर तो गेमच्या आधी लावायचा छोटा सिनेमा समजा. आणि हो, तळाशी बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असेल, तर ते आवर्जून वाचा. 'हे प्रत्यक्ष गेमचं दृश्य नाही' हे वाक्य कधीच मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत!

मीठ, लोखंड आणि प्रश्नपत्रिका

कंपन्या नेहमी फक्त सांगतातच असं नाही. कधी कधी विचारतातही.

'ट्रँगल स्ट्रॅटेजी' नावाचा असाच एक डावपेचांचा गेम आहे. त्यात तीन देश भांडतात. कशासाठी? मीठ आणि लोखंडासाठी! हा गेम १७ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झाला. नुसता ट्रेलर दाखवून स्क्वेअर एनिक्स ही कंपनी थांबली नाही. त्याच दिवशी गेमचा एक तुकडा फुकट खेळायला दिला. तो खेळून झाला, की प्रश्नपत्रिका! काय आवडलं, काय खटकलं, लिहून पाठवा.

लोकांनी लिहून पाठवलं. काही महिन्यांनी कंपनीने सांगितलं, की तुमच्या सूचनांवरून कठीणपणाच्या पातळ्या सुधारल्या, कॅमेरा सुधारला, होऊन गेलेले संवाद पुन्हा वाचायची सोय केली. गेम ४ मार्च २०२२ रोजी आला. त्याआधी सुरुवातीची प्रकरणं पुन्हा फुकट खेळायला दिली. आणि तिथे खेळलेलं वाया गेलं नाही, तिथूनच पुढे पूर्ण गेम सुरू करता आला!

लक्षात घ्या, 'मला नाही आवडलं' एवढंच लिहिलं असतं, तर कुणाला काय सुधारता आलं असतं? 'कॅमेरा फिरवताना माझाच माणूस भिंतीआड जातो' असं लिहिलं, तर सुधारता येतं. म्हणजे पुन्हा आपला पहिला रकाना. दिसलं ते नेमकं लिहा!

तारीख पे तारीख!

'थ्री हाउसेस'ची तारीख कशी सरकत गेली ते आपण पाहिलंच. इंटेलिजंट सिस्टिम्सच्याच जुन्या 'ॲडव्हान्स वॉर्स' या डावपेचांच्या गेमचं नवं रूप डिसेंबर २०२१ मध्ये यायचं होतं. ते २०२२ च्या वसंतात ढकललं गेलं. तेवढ्यात युक्रेनवर हल्ला होऊन खरं युद्ध सुरू झालं. रणगाड्यांचा खेळ अशा वेळी कसा विकायचा? निंटेंडोने तो पुन्हा पुढे ढकलला. शेवटी २१ एप्रिल २०२३ रोजी तो आला. तेव्हा ट्रेलरच्या शेवटी झळकणारी तारीख पेन्सिलने लिहा, शाईने नको.

आणि गेम आला म्हणजे बातम्या संपल्या असंही नाही. 'थ्री हाउसेस' आल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी कठीण पातळी फुकट मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये मठाच्या खाली, तळघरात लपलेलं चौथं हाऊस असलेली नवी कथा आली. ती मात्र पैसे मोजून घ्यायची होती.

आईबाबांसाठी चार ओळी

मुलं ट्रेलरबद्दल बोलत असतील, तर एकदा शेजारी बसून बघा. "यात तुला काय दिसलं?" एवढाच प्रश्न विचारा. तो मुलांना आवडतो.

गेमच्या वेष्टनावर वयाची खूण असते, ती पाहून ठेवा. 'थ्री हाउसेस'ला युरोपात बारा वर्षांपुढची खूण आहे, तर अमेरिकेत 'टीन' ही, म्हणजे तेरा वर्षांपुढची. त्यात युद्ध आहे, मृत्यूही आहेत.

ट्रेलरच्या शेवटी 'आजच पैसे भरून नोंदणी करा' असं सांगतात. घाई करू नका. डाउनलोड करायच्या गेमच्या प्रती कधी संपत नाहीत. गेम येऊ द्या, खेळलेल्या लोकांचं मत वाचा, फुकटचा तुकडा असेल तर तो खेळून बघा. मग ठरवा. चार दिवस थांबलेल्याचं नुकसान होत नाही.

करून बघा!

या रविवारी दोघं-तिघं मित्र-मैत्रिणी जमा आणि कोणताही एक ट्रेलर निवडा. गेमचा नसेल तर सिनेमाचा चालेल.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. संगीत नसलं, की आपले डोळे जागे होतात!

दुसऱ्यांदा आवाजासह, पण थांबवून थांबवून बघा. दर वेळी 'दिसलं' या रकान्यात एकच ओळ लिहा.

मग प्रत्येकाने 'वाटतं' या रकान्यात तीन तर्क लिहा, आणि प्रत्येकापुढे 'कशावरून?' याचं उत्तर. उत्तर सुचलं नाही, तर तो तर्क निमूटपणे 'हवंय'मध्ये ढकला. चीटिंग करायची नाही!

शेवटी वहीवर तारीख घालून ती बंद करून ठेवा. गेम किंवा सिनेमा आला, की वही उघडा. बरोबर आलेल्या तर्काला एक गुण. चुकलेल्या तर्काला शून्य. आणि 'हवंय'मधलं वाक्य 'दिसलं'मध्ये सापडलं, तर उणे दोन गुण!

ही वही फक्त गेमसाठी नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. उंची वाढवणारी पावडर, आठ दिवसांत इंग्रजी शिकवणारा क्लास, एका धुण्यात डाग घालवणारा साबण, सगळ्यांनाच हे तीन रकाने लावता येतात. वही तीच, फक्त पान उलटायचं. काय, काढताय ना पेन्सिल?